रील्सचं व्यसन: घरच्या घरी कसं ओळखायचं, कसं सोडवायचं

“मॅडम, हा रात्री एक-एक वाजेपर्यंत रील्स बघतो. व्यसनच लागलंय का हो त्याला?” माध्यमिक शाळेत समुपदेशनाचं काम करताना हल्ली मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. हा लेख आठवी ते बारावीतल्या मुलांच्या आईवडिलांसाठी आहे. घराबाहेर राहून शिकणाऱ्या आणि स्वतःच हैराण झालेल्या मुलामुलींसाठीही शेवटाकडे एक भाग आहे.

आधी प्रश्नाचं उत्तर देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजार म्हणून जागा मिळाली, पण सोशल मीडियाचं किंवा छोट्या व्हिडिओंचं व्यसन असा वेगळा आजार तिच्यात नाही. संशोधकांमध्येही एकमत नाही. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये लाखो किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ०.४ टक्के फरक स्क्रीनच्या वापराशी जुळतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे सरसकट सगळ्या मुलांचं वाटोळं झालंय, ही ओरड चुकीची आहे.

पण सरासरीत एकेकटं मूल दिसत नाही. रील्स बघूनही जेवणखाण, अभ्यास, मैदान सगळं व्यवस्थित असणारी मुलं मी पाहते, आणि दोन महिन्यांत वर्गात झोपायला लागलेलीही पाहते. माझं मत असं की बहुतेक मुलांना चिवट सवय लागलेली असते आणि थोडी मुलं व्यसनाच्या हद्दीत गेलेली असतात. सुरुवात मात्र दोघांच्या बाबतीत सारखीच करायची असते.

फोन हातातून सुटत का नाही

हे समजून घेतल्याशिवाय पुढच्या पायऱ्यांना हात घालू नका, नाहीतर सगळा राग मुलावर निघतो.

आपल्याकडे २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील्स आणले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स आणले. याच काळात शाळा बंद होत्या आणि ऑनलाइन तासांसाठी घरोघरी मुलांच्या हातात फोन दिला गेला होता. शाळेसाठी घेतलेला फोन आणि हे नवं खाद्य एकाच वर्षी घरात शिरलं. मुलांनी मागून घेतलेली ही गोष्ट नव्हे.

आता आतली रचना बघा. इथे काही शोधावं लागत नाही. मूल कुठला व्हिडिओ किती सेकंद बघतं, कुठला परत बघतं, कुठला झटकन सरकवतं यावरून पुढचा व्हिडिओ ठरतो. लाइक दाबलं नाही तरी नुसतं थांबणं नोंदलं जातं. दुसरं, याला शेवट नाही. खाली सरकवत राहिलं की नवीन येतच राहतं ही कल्पना एझा रास्किन यांनी २००६ मध्ये तयार केली, आणि पुढे त्याबद्दल त्यांनी स्वतःच जाहीरपणे खंत व्यक्त केली. तिसरी गोष्ट सगळ्यात ताकदवान. पुढचा व्हिडिओ भन्नाट निघेल की फालतू, हे आधी कळत नाही. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की दाणा कधी मिळेल याचा नेम नसला, की कबुतर चोच मारायचं थांबतच नाही. मटक्याच्या आकड्याची ओढही अशीच असते. रोज लागला असता तर कंटाळा आला असता. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूचा अभ्यास केला तेव्हाही हेच आढळलं: अपेक्षित बक्षिसापेक्षा अनपेक्षित बक्षिसाला डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी जास्त उसळतात.

मेंदूचा जो भाग “बास आता” म्हणतो, तो पंचविशीच्या आसपास पूर्ण तयार होतो. चौदा वर्षांच्या मुलाकडून मोठ्या माणसाएवढ्या संयमाची अपेक्षा करणं म्हणूनच अन्यायाचं आहे. तसं पाहिलं तर पंचेचाळिशीतले वडीलही सोफ्यावर तेच करत असतात.

पूर्वी मालिका साडेआठला संपायची, पेपर शेवटच्या पानाला संपायचा, मॅच संपायची. त्या संपण्यामुळे माणूस उठायचा. या ॲपनी तेवढी एक गोष्ट काढून टाकली. पुढच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे तो थांबा घरात परत आणायचे प्रयत्न आहेत.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं मोजा

या आठवड्यात काही बदलू नका, ओरडू नका. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ असतं. चोरून बघू नका. “आपण दोघं आठवडाभर आपापले आकडे बघू” असं सांगून बघा, आणि तुमचाही फोन दाखवा.

एकूण तासांवर थांबू नका. समजा नववीतल्या मुलीच्या फोनवर इन्स्टाग्राम दिवसाला दोन तास दिसतंय. ते दोन तास दुपारी शाळेतून आल्यावर सलग असतील तर गोष्ट वेगळी, आणि रात्री अकरा ते एक असतील तर वेगळी. म्हणून कुठल्या तासाला किती वापर झाला ते बघा. मग दिवसात फोन किती वेळा उघडला तो आकडा बघा. वापर दोन तासच असला पण फोन शंभर-सव्वाशे वेळा उघडलेला असला, तर अभ्यासाचे तुकडे पडताहेत असं समजा. यूट्यूबच्या आकड्यात क्लासची लेक्चर्स आणि शॉर्ट्स एकत्र मोजली जातात. त्यामुळे हिस्ट्री उघडून बघा, तिथे शॉर्ट्सची ओळ वेगळी दिसते.

घरात एकच फोन असेल, किंवा मूल आजीच्या फोनवर बघत असेल, तर कागदावर टिपणं करा. खेड्यापाड्यात ही अडचण मोठी आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर २०२४’ या ग्रामीण भागातल्या सर्वेक्षणात १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी ७६ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो सोशल मीडियासाठी वापरला होता, अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी. फोन मुलाच्या मालकीचा नसला म्हणून प्रश्न टळत नाही.

दुसरी पायरी: सवय की व्यसन, ते तपासा

ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ मार्क ग्रिफिथ्स यांनी कुठल्याही वर्तनाच्या व्यसनाच्या सहा खुणा सांगितल्या आहेत. मी त्या घरच्या भाषेत सांगते.

डोळे उघडल्याबरोबर फोन, जेवताना फोन, संडासातही फोन, आणि फोन हातात नसला तरी मन तिथेच, ही पहिली खूण. रडू आलं, कंटाळा आला, परीक्षेची धास्ती वाटली की फोनशिवाय दुसरा उपायच सुचत नाही, ही दुसरी. आधी अर्धा तास पुरायचा, आता दोन तासही कमी पडतात, ही तिसरी. डेटा संपला किंवा फोन दुरुस्तीला गेला की घालमेल, आदळआपट, झोप न लागणं, ही चौथी. अभ्यास, मित्र, खेळ सुटत जाणं, घरात रोजची भांडणं, खोटं बोलणं, ही पाचवी. “उद्यापासून बंद” असं स्वतःहून ठरवून, ॲप काढून टाकून, दोन दिवसांत परत घेणं, ही सहावी.

यातल्या पहिल्या दोन खुणा आज अर्ध्या वर्गात सापडतील, तेवढ्यावरून घाबरू नका. मी सगळ्यात जास्त वजन पाचव्या खुणेला देते. एखादी मुलगी दोन तास रील्स बघते, पण तिचा कथकचा क्लास, मैत्रिणी, झोप शाबूत आहे, तर तिला सवय आहे. एखादा मुलगा तासभरच बघतो, पण त्या तासासाठी त्याने संध्याकाळचं क्रिकेट सोडलंय, तर त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. पाचवी आणि सहावी खूण महिनोनमहिने एकत्र दिसत असेल, तर खालच्या पायऱ्या सुरू करा आणि सोबत तज्ज्ञाचा सल्लाही घ्या.

तिसरी पायरी: बोलणं

इथे बहुतेक घरांत गाडी अडते. मूल बघत असताना, हातातून फोन हिसकावत बोलणं सुरू होतं आणि दहा मिनिटांत दार आपटलं जातं. फोन हिसकावलेलं मूल रील्स सोडत नाही, लपवायला शिकतं. मित्राच्या फोनवर बघतं, ॲपची दुसरी कॉपी उघडतं, ब्राउझरमधून बघतं.

वेळ निवडा. पोट भरलेलं असावं, फोन कुणाच्याच हातात नसावा, पाहुणे नसावेत. “तुझं नेहमीचंच आहे” असं सुरू करू नका. आकड्यापासून सुरू करा. साधारण असं:

“अरे, हे बघ, मंगळवारी रात्री पावणेबारा ते सव्वा वाजेपर्यंत चालू होता.”
“सगळेच बघतात गं आई.”
“बघतात ना. मी पण बघते, माझं बघ, दीड तास. मला विचारायचंय की तुला झोपायचं होतं का तेव्हा?”
“...हो. पण एकच म्हणता म्हणता होतं.”

हे शेवटचं वाक्य मिळालं की बोलणं तिथेच थांबवा. उपदेश जोडू नका. मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की त्याला थांबायचं होतं आणि थांबता आलं नाही. पुढचे सगळे नियम त्याच्याविरुद्ध नसून त्याच्या बाजूने आहेत, हे त्याला पटायला एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी विचारा, “काय केलं म्हणजे तुला रात्री सोपं जाईल?” मुलं जे उपाय सुचवतात ते बऱ्याचदा आपल्यापेक्षा कडक असतात.

बाबांनी या बोलण्यात असायला हवं. फोनचे नियम आईने करायचे आणि बाबांनी जेवताना व्हिडिओ बघायचा, असं घर मुलं बरोबर ओळखतात.

चौथी पायरी: आधी झोप वाचवा

सगळं एकदम करायला जाल तर काहीच टिकणार नाही. एकच गोष्ट करायची ताकद असेल तर ही करा. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. सकाळी साडेसातची शाळा असेल, मूल सहाला उठत असेल, तर दहाच्या आत पाठ टेकायला हवी.

नियम असा: रात्री साडेनऊला घरातले सगळे फोन एका ठिकाणी चार्जिंगला लागतात. सगळे म्हणजे आईबाबांचेही. घर एका खोलीचं असेल तर स्वयंपाकघराच्या ओट्याजवळचा प्लग चालेल. अंथरुणावरून हात पोचणार नाही, उठून जावं लागेल, एवढंच बघा. कामाचा फोन येऊ शकतो अशी ज्यांची नोकरी आहे त्यांनी रिंग मोठी ठेवावी, फोन तिथेच असू द्यावा.

पहिल्याच रात्री “मग अलार्म?” असं येईल. बाजारातून साधं गजराचं घड्याळ आणा. दुसरं येईल, “क्लासच्या ग्रुपवर गृहपाठ रात्री येतो.” ही तक्रार खरी असते. पाच-सहा पालकांनी मिळून सरांना सांगितलं की आठच्या आत पाठवा, तर बहुतेक शिक्षक ऐकतात. पहिला आठवडा चिडचिडीचा जातो. मूल लवकर झोपणार नाही, नुसतं छताकडे बघत पडेल. पडू द्या. एखादं पुस्तक, रेडिओ, आजीशी गप्पा, काहीही चालेल.

पाचवी पायरी: ॲपमध्ये करायच्या गोष्टी

सेटिंग्ज एकट्याने सवय सोडवत नाहीत, पण हाताला ब्रेक लावतात. हे सगळं मुलासोबत बसून करा.

सगळ्यात आधी नोटिफिकेशन बंद करा. इन्स्टाग्राम, यूट्यूब, स्नॅपचॅट, तिन्हींचं. मग ॲप मुख्य पडद्यावरून काढून आतल्या फोल्डरमध्ये टाका, म्हणजे अंगठा आपोआप तिथे जाणार नाही.

यूट्यूबमध्ये थोड्या थोड्या वेळाने थांबायची आणि झोपायच्या वेळेची आठवण लावता येते, शॉर्ट्सवर रोजची वेळमर्यादाही घालता येते. माझा सगळ्यात आवडता उपाय त्याहून साधा आहे: ‘वॉच हिस्ट्री’ बंद करायची आणि आधीची पुसायची. मग उघडल्या उघडल्या समोर येणाऱ्या शिफारशी जवळजवळ रिकाम्या होतात, आणि जे हवं ते शोधूनच बघावं लागतं. गणिताचं लेक्चर शोधलं की मिळतं, पण फरफट होत नाही. हिस्ट्री पुसण्याआधी पहिल्या पायरीची मोजणी मात्र संपवा.

इन्स्टाग्रामने अठराच्या आतल्यांसाठी ‘टीन अकाउंट’ भारतात फेब्रुवारी २०२५ पासून सुरू केली. त्यात खातं खासगी असतं, रोज साठ मिनिटांनी बाहेर पडायची आठवण येते आणि रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन शांत राहतात. सोळाच्या आतल्या मुलाला हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण आपल्याकडे कित्येक मुलांनी खातं उघडताना जन्मसाल खोटं घातलेलं असतं, आणि मग यातलं काहीच लागू होत नाही. ते आधी तपासा आणि दुरुस्त करा. फीड फारच वेडंवाकडं झालं असेल तर शिफारशी नव्याने सुरू करायची सोयही तिथे आहे.

अँड्रॉइडवर ॲपचा टायमर लावा आणि संध्याकाळनंतर पडदा काळा-पांढरा होईल असं बघा. रंग गेले की रील्सची मजा बरीच कमी होते. लहान मुलांसाठी गूगलचं ‘फॅमिली लिंक’ हे पालकांसाठीचं ॲप उपयोगी आहे. सोळा-सतराच्या मुलावर मात्र पूर्ण पहारा बसवू नका, विश्वास जातो आणि तो परत मिळवायला फार वेळ लागतो.

अभ्यासाच्या ब्रेकबद्दल एक गोष्ट मुलांना नक्की सांगा. म्युनिकच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक प्रयोग मांडला. साठ जणांना कामाच्या मध्ये दहा मिनिटांची सुट्टी दिली. काहींनी टिकटॉक बघितलं, काहींनी ट्विटर, काहींनी यूट्यूबचा व्हिडिओ, काही नुसते बसले. सुट्टीनंतर ‘अमुक दिसलं की तमुक करायचं’ ही आधी दिलेली सूचना लक्षात ठेवण्यात फक्त टिकटॉकवाले घसरले. दहावीच्या मुलाला मी हेच सांगते: ब्रेक हवाच, पण त्यात गच्चीवर जा, पाणी पी, कुत्र्याशी खेळ. रील्सचा ब्रेक अभ्यास पुसून टाकतो.

सहावी पायरी: रिकामी झालेली वेळ भरा

फोन ठेवला, मग करायचं काय? या प्रश्नाचं उत्तर नसेल तर वरचं सगळं आठवडाभरात कोसळतं. शहरात मैदानं राहिली नाहीत, मुलींना संध्याकाळी बाहेर पाठवायची भीती वाटते, आईबाबा आठला घरी येतात. मुलाला दोष देण्याआधी हे मान्य करायला हवं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने याचं उत्तर एकट्या घरावर सोडलं नाही. कडेगाव तालुक्यातलं हे गाव. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचे, असं गावाने ठरवलं. साडेआठला पुन्हा भोंगा. त्या वेळात मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं एकमेकांशी बोलतात. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने अठराच्या आतल्या मुलांना मोबाईलवर बंदीच घालायचा ठराव केला होता. मला वडगावची वाट जास्त पटते. तिथे नियम मोठ्यांनाही लागू आहे, ठरावीक वेळेपुरता आहे, आणि “सगळेच बघतात” ही मुलांची सबब तो काढून घेतो, कारण त्या दीड तासात कुणीच बघत नसतं.

तुमच्या सोसायटीत, वाडीत, चाळीत भोंगा नसेल, पण चार घरं नक्की असतील. मुलांच्या मैत्रीतली चार घरं धरा, सात ते साडेआठ ठरवा. काय करायचं ते मुलांना ठरवू द्या: कॅरम, कबड्डी, तालीम, सायकल, वाचनालय. पंधरा-सोळाच्या मुलाला खरी जबाबदारी दिली तर तो रमतो, म्हणजे बाजारहाट, गाडीची धुलाई, आठवड्यातून एकदा पूर्ण स्वयंपाक. आणि ज्याला व्हिडिओ करण्यातच रस आहे त्याला तोडू नका. बघण्यापेक्षा करणं केव्हाही बरं. लिहायला, संकलन करायला लावा आणि टाकण्याआधी एकदा दाखवायला सांगा.

होस्टेलवर, अभ्यासिकेत राहणाऱ्यांसाठी

तुमच्यावर लक्ष ठेवायला कुणी नाही, त्यामुळे अंतर तुम्हालाच निर्माण करायचंय. ॲप फोनवरून काढा आणि गरज लागली तर लॅपटॉपच्या ब्राउझरमधून उघडा, तिथे अंगठ्याची ती लय नसते. अभ्यासिकेत फोन बॅगेत, आणि बॅग टेबलाखाली न ठेवता रॅकवर ठेवा. रूममेटबरोबर स्क्रीन टाइमचे पासकोड अदलाबदल करा: तुझा मी ठेवतो, माझा तू ठेव. बंद करून बघायचं असेल तर महिनाभर करा. अमेरिकेत २०१८ मध्ये हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं, तेव्हा त्यांना थोडं बरं वाटलं, आणि प्रयोग संपल्यावरही ते आधीपेक्षा कमी वापरत राहिले.

तज्ज्ञाकडे कधी

शाळेत जायलाच नकार, आठवडेच्या आठवडे झोप उडालेली, फोन घेतल्यावर अंगावर धावून जाणं किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. बऱ्याचदा रील्सच्या मागे नैराश्य, चिंता, शाळेतला छळ किंवा लक्ष न लागण्याची जुनी अडचण असते. मूल त्यापासून पळून फोनमध्ये शिरलेलं असतं, आणि नुसता फोन काढून घेतला तर आधारच जातो. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा नंबर १४४१६. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मनोविकार विभाग असतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून ‘शट क्लिनिक’ चालू आहे. कुणी ऑनलाइन धमकावत असेल, फोटो मागत असेल, तर मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर १०९८.

कायदेही हलताहेत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांची सोशल मीडिया खाती बंद केली. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. प्रत्यक्षात तो कितपत पाळला जातो ते दिसेलच, तोवर काम घरातच आहे.

सुट्टी आली की

ठरलेली घडी दिवाळीत आणि मे महिन्यात हमखास विस्कटते. मामाच्या गावी भावंडांचे चार फोन, रात्रभर जागरण. त्यावर भांडू नका. सुट्टीचे नियम सुट्टी लागण्याआधीच वेगळे ठरवा: दिवसा थोडी मोकळीक, पण फोन अंथरुणात नाही, हे सुट्टीतही कायम. मामा-मामींना आधी फोन करून सांगा, म्हणजे तिथे मुलाला एकट्याला वेगळं वाटणार नाही. शाळा सुरू व्हायच्या दहा दिवस आधीपासून झोपेची वेळ रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा, आणि फोनचा प्लग परत ओट्याजवळ.